मासळीच्या काट्यावर येझदी

तरीवाल्या जुवाटकराने बिडी विझवून सांगितलं,
"ही म्हस पुढल्या म्हयन्यापासून माझ्यान उचलुची नाय."
त्याचा मुलगा बोटीवर लागला, दूर कुठल्या बंदरात.
होडीच्या काठावरून गाडी आत घ्यायला
उरलो दोघंच, तो आणि मी,
आणि दोघांत मिळून धड पाठ एक.

पूल आहे. पण पुलावरून छत्तीस किलोमीटर,
आणि माझी खारी-बटर पोचेपर्यंत
पलीकडच्या वाडीचा चहा पिऊन झालेला असतो.

यासीन सोलकर गाडीभोवती दोनदा फिरला.
"तरणी पोरं हे वेगासाठी करून घेतात. तुम्हाला कशाला?"
मी म्हटलं, मला ती चालवायची नाही रे,
उचलायची आहे.

गॅरेजात काटा नव्हता.
दोन दारं सोडून जयवंती कुबलचा होता,
बांगड्याच्या खवल्यांनी चमचमणारा.
तिने पाणी मारून पारडं धुतलं
आणि पहिला लेगगार्ड ठेवला: चार किलो दोनशे.
"ताजो आसा मा?" रांगेतलं कुणी म्हणालं.

मेन स्टँड, तीन किलो वर थोडा.
दोन्ही सायलेन्सर माडाच्या बुंध्यावर आपटले
तर आतून वाटीभर काजळी पडली,
यासीनने तीही तोलायला लावली. हिशोब म्हणजे हिशोब.
बॅटरी गेली, तिच्या जागी आली
साबणाच्या वडीएवढी काहीतरी,
जिच्यावर माझा अजून विश्वास नाही.
लोखंडी रिमा उतरल्या, अॅल्युमिनियमच्या चढल्या.
माझी पत्र्याची पेटी, जिच्यावर बेकरीचं नाव
मी स्वतः ब्रशने लिहिलं होतं, सहा किलो रिकामी;
आता ताडपत्रीची पिशवी आणि बांबूच्या चार पट्ट्या.

मागचा मडगार्ड मात्र अंदाजापेक्षा हलका भरला.
उलटा करून पाहिला: आतून जाळी झालेला.
म्हणजे हे काम खारा वारा कधीपासून करत होता,
फुकट, रात्रीसुद्धा,
फक्त कुठला भाग न्यायचा ते विचारत नव्हता.
बस्त्याव पिंटोने होडीच्या उरल्या फायबरातून
नवा ओतून दिला, ट्रॉलरच्या निळ्या रंगात.
पावसात आता गाडीचा ढुंगणाकडचा भाग
समुद्रात जायला निघाल्यासारखा दिसतो.

साडीगार्डपाशी यासीनचा पाना थांबला.
"वहिनी?"
वहिनी स्वतःची स्कूटर चालवते, म्हटलं,
गिर्‍याच्या चढावर मला मागे टाकते, हात दाखवून.
काढ.
एक किलो तीनशे.

हॉर्न तेवढा ठेवला.
जड आहे, जुना आहे, बेडकासारखा आहे,
पण पलीकडे त्यावर घड्याळं लावतात.

जयवंतीने चिठोऱ्यावर बेरीज मांडली,
नवं घातलेलं वजा करून: तेवीस किलो.
"एक बरोसो घोळ," ती म्हणाली,
आणि घोळीचा भाव आठवून
माझ्याकडे जरा कीवेने पाहिलं.
यासीन माझ्या पोटाकडे बघत होता.
"आणखी बारा निघतील शेठ. मजुरी नाही घेणार."

सोमवारी सकाळी ओहोटी होती.
जुवाटकराने पुढचं चाक धरलं, मी मागचं.
त्याने नेहमीसारखा श्वास कोंडला,
मी नेहमीसारखा गुडघा टेकवला,
एक, दोन,
आणि येझदी आमच्या हातांतून वर उडाली,
काठ ओलांडून पार पलीकडे,
आम्ही दोघं तिच्यामागे, होडी डुचमळली,
बटरची एक पिशवी खाडीत.

तो हसत बसला पाण्यात पाय सोडून.
गाडी हलकी झाली होती.
हात अजून जुनीच उचलत होते.

आज आठवडा झाला.
अजून रोज थोडी जास्तच वर जाते.